पोट भरलं, तरी हिरड्यांतून रक्त? बसऱ्याच्या मोहिमेची एक वैद्यकीय गोष्ट

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ७८. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात, मुलगा परदेशात. तक्रार एकच, ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त येतं. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, दात साफ करून झाले होते, फरक शून्य. मी पायजमा वर करायला सांगितला. पोटऱ्यांवर जांभळे डाग होते आणि केसांच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. प्लेटलेट्स तपासल्या, त्या व्यवस्थित होत्या.

"सर, जेवता काय?" मी विचारलं.

"पोटभर जेवतो हो डॉक्टर. त्यात काही कमी नाही."

पोटभर म्हणजे सकाळी चहा-खारी, दुपारी कुकरमधली मूगडाळीची खिचडी, रात्री दूध-ब्रेड. भाजी निवडायचा कंटाळा. आंबट खाल्लं की ॲसिडिटी होते म्हणून फळं, लिंबू, टोमॅटो सगळं बंद. असं किती दिवस चाललंय? "ही गेली तेव्हापासून. आठ महिने झाले."

मी त्यांना सांगितलं की हा स्कर्व्ही आहे, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. सर चक्क हसले. "तो खलाशांचा रोग ना? शाळेत मीच शिकवलाय. मग आमच्या आजोबांनाही तोच झाला असेल. ते बसऱ्याला गेले होते लढाईत. परत आले तेव्हा तिशीतल्या माणसाच्या तोंडात चार दात उरले होते, असं आमची आजी सांगायची."

आजोबा कुठल्या पलटणीत होते, ते सरांना सांगता येईना. पण सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांत 'बसऱ्याची लढाई' हे शब्द जुन्या घरांतून अजून ऐकू येतात. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, अशा संगमरवरी पाट्याही कित्येक गावांत भिंतीत बसवलेल्या दिसतात. सरांच्या त्या वाक्याने मला वाचायला बसवलं. इतिहास हा माझा विषय नाही. पण या मोहिमेची कागदपत्रं वाचताना मला जागोजागी माझीच ओपीडी दिसायला लागली.

फौज पुढे, बोटी मागे

बसरा म्हणजे आजच्या इराकचं दक्षिणेकडचं बंदर. त्या वेळी हा सगळा मुलूख, मेसोपोटेमिया, तुर्की ऑटोमन साम्राज्यात होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं आणि लगेच हिंदुस्थानातून निघालेली फौज फाओला उतरली. शेजारी अबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. तो आणि इराणच्या आखाताचं तोंड सांभाळणं, एवढंच मूळ काम. फौजेचं नाव होतं सहावी (पूना) डिव्हिजन. त्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन पलटणी होत्या. बसरा त्याच महिन्यात हाती आलं.

इथपर्यंत ठीक होतं. मग जिंकण्याची चटक लागली. जून १९१५ मध्ये अमारा पडलं, सप्टेंबरअखेर कूत. समोर बगदाद दिसायला लागलं. सेनापती जनरल निक्सन, प्रत्यक्ष लढणारे जनरल टाउनशेंड, सिमला आणि लंडन यांच्यात तारा सुरू झाल्या. नकाशावर बगदाद जवळ होतं. नदीवर ते तसं नव्हतं.

त्या मुलखात तेव्हा ना पक्के रस्ते होते, ना बसऱ्याहून वर जाणारी रेल्वे. पिठाच्या पोत्यापासून बंदुकीच्या गोळीपर्यंत आणि बँडेजपासून खेचराच्या चाऱ्यापर्यंत सगळं एकाच वाटेने जायचं, तैग्रिस नदीतून. बसरा ते बगदाद नदीमार्गे अंतर सुमारे ८०० किलोमीटर. नदी वळणावळणाची आणि उथळ. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी इतकं उतरतं की जरा खोल बुडाची बोट वाळूत रुतून बसते. वसंतात वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं की तीच नदी काठ सोडून मैलोन्‌मैल चिखल करते. म्हणजे हव्या होत्या खास उथळ बुडाच्या वाफेच्या बोटी, आणि त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. निक्सनने जुलै १९१५ मध्ये आणखी बोटी मागितल्या. उत्तरं सावकाश आली. रेल्वे मागितली, ती खर्चाच्या कारणाने नाकारली गेली. हिंदुस्थानातल्या नद्यांवरच्या काही बोटी समुद्रातून ओढत आणायचा प्रयत्न झाला, त्यातल्या बऱ्याच वाटेतच बुडाल्या.

खुद्द बसऱ्याला मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नव्हता. जहाजं नदीच्या मध्यावर नांगर टाकून उभी राहायची आणि माल 'महेला' नावाच्या देशी होड्यांतून किनाऱ्याला यायचा. त्यामुळे जहाजं आठवडेच्या आठवडे खोळंबायची. मुंबईहून निघालेली वस्तू बसऱ्याला 'पोचली' असं कागदावर लिहिलं जायचं, तेव्हा ती बहुधा पाण्यातच असायची.

रुग्णांना मी रक्ताभिसरण समजावताना पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतो. गच्चीवर टाकी भरलेली असून उपयोग नाही, पाइप बारीक असेल तर तिसऱ्या खोलीतल्या नळाला पाणी येत नाही. बसरा ही टाकी आणि तैग्रिस हा पाइप. आणि या पाइपाचं दुसरं टोक दरमहा पुढे पुढे सरकवलं जात होतं. बोट तीच, पण अंतर दुप्पट झालं की फेऱ्या निम्म्या होतात, हे गणित कुठल्याही टेम्पोवाल्याला पाठ असतं.

टेसिफॉनचे जखमी

२२ नोव्हेंबर १९१५ ला टाउनशेंडची फौज बगदादपासून सुमारे ३५ किलोमीटरवर टेसिफॉनला तुर्कांवर तुटून पडली. लढाईत सुमारे साडेचार हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. साधारण तीनात एक. वैद्यकीय खात्याने याच्या कितीतरी कमी जखमी धरले होते. रुग्णवाहिका नव्हत्याच. जखमींना नदीपर्यंत न्यायला होत्या स्प्रिंग नसलेल्या, खेचरांनी ओढायच्या लोखंडी मालगाड्या. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला ढेकळांच्या जमिनीवरून अशा गाडीतून काही मैल नेणं म्हणजे काय, हे ज्याने साधं फ्रॅक्चर झालेल्या पेशंटला स्ट्रेचरवरून एक्स-रे टेबलावर उचललंय त्याला वेगळं सांगायला नको. हाडाचं टोक हललं की आत रक्तवाहिनी फाटते, वेदनेने आणि रक्तस्रावाने माणूस शॉकमध्ये जातो.

नदीवर माल घेऊन आलेल्या बोटी परत जाताना जखमींना न्यायच्या, अशी योजना होती. म्हणजे ज्या डेकवर खेचरं आणि पोती आली, त्याच डेकवर माणसं. 'मेजिदिए' नावाची अशी एक बोट आणि तिच्या दोन बाजूंना बांधलेले पडाव बसऱ्याला पोचले, तेव्हा 'व्हरेला' या इस्पितळ-जहाजावरचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर किनाऱ्याकडे पाहत होते. त्यांनी पुढे चौकशी आयोगासमोर जे सांगितलं ते प्रसिद्ध आहे. लांबून त्यांना वाटलं, बोटीच्या कडेवरून दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. हगवण लागलेली, उठता न येणारी शेकडो माणसं दाटीवाटीने डेकवर पडली होती, त्यांना कुणी हलवलंच नव्हतं. रणांगणापासून तिथपर्यंत दोन आठवड्यांच्या आसपास गेले होते. पहिलं बँडेज बदललेलं नव्हतं, जखमा चिघळलेल्या, पाठीवर शय्याव्रण.

याच सुमारास निक्सनच्या मुख्यालयातून वर जी तार गेली, तिच्यात अडचणी असूनही वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली, असा मजकूर होता. कार्टरनी खरं काय ते लिहून पाठवलं, तर वरिष्ठांनी त्यांना लुडबुड्या ठरवलं आणि जहाजावरून काढण्याची धमकी दिली. तार लिहिणाऱ्याने बोट पाहिली होती का, हा प्रश्न मला वाचताना सारखा पडत होता.

कूत: एकाच गावात दोन आजार

टेसिफॉनहून मागे हटलेली फौज डिसेंबरच्या सुरुवातीला कूतमध्ये थांबली आणि तुर्कांनी तिला वेढलं. तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला शत्रू. आत सैनिक आणि बाजारबुणगे मिळून सुमारे १५ हजार आणि गावातले सहा हजार रहिवासी. वेढ्यात अडकलेली फौज आणि सोबतची खाणारी तोंडं म्हटली की आपल्याला पानिपत आठवतंच.

आता एका हिशेबाच्या चुकीबद्दल. टाउनशेंडनी सुरुवातीला वर कळवलं की अन्न साधारण दोन महिन्यांचं आहे. साहजिकच सुटकेसाठी बसऱ्याहून निघालेल्या फौजेवर घाईचं दडपण आलं. तोफा, डॉक्टर, बोटी पूर्ण जमायच्या आत जानेवारीतच हल्ले सुरू झाले. २१ जानेवारीला हन्ना इथे पावसाच्या चिखलात हल्ला फसला, जखमी रात्रभर थंडीत पाण्यात पडून राहिले. त्यानंतर चार दिवसांनी टाउनशेंडनी कळवलं की गावात झडती घेतली, धान्याचे साठे सापडले, घोडे आणि खेचरं धरली तर अन्न आणखी ८४ दिवस पुरेल! आधीच कोठ्या मोजल्या असत्या तर किती माणसं वाचली असती? मी युद्धशास्त्र जाणत नाही. पण स्टॉक न मोजता इमर्जन्सी जाहीर करणारे हॉस्पिटल मॅनेजर मी पाहिलेत.

या गावात एक गोष्ट घडली, ती वैद्यकाच्या दृष्टीने विलक्षण आहे. ब्रिटिश शिपाई आणि हिंदी शिपाई एकाच गावात, एकाच वेढ्यात होते. तरी ब्रिटिशांना झाला बेरीबेरी आणि हिंदी शिपायांना झाला स्कर्व्ही. बेरीबेरीत पाय सुजतात, धाप लागते, हातापायांची शक्ती जाते, हृदय दमतं. स्कर्व्हीत हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, सांध्यांत आणि स्नायूंत रक्त साकळतं. तोफगोळ्याची जखम भरून येत नाही, कारण नवीन ऊती विणायला लागणारं कोलॅजेन क जीवनसत्त्वाशिवाय नीट तयारच होत नाही.

असं का झालं? कूतमधले मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांनी दोघांची ताटं पाहिली. ब्रिटिश शिपाई खायचा पांढऱ्या मैद्याचा पाव. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळजवळ सगळं जातं. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. म्हणून बेरीबेरी. हिंदी शिपाई खायचा आटा, कोंड्यासकट. त्याला बेरीबेरी होईना. पुढे मैदा संपला आणि ब्रिटिशांनाही आटा आणि जवाचं पीठ खायची वेळ आली, तेव्हा त्यांचा बेरीबेरी थांबला! रेशन कमी झालं आणि आजार बरा झाला, असं वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.

स्कर्व्हीचं उलट होतं. मैदा खाणारा ब्रिटिश शिपाई ताजं मांस खात होता, आधी मिळेल ते आणि मग घोड्याचं. ताज्या मांसात क जीवनसत्त्व थोडंसंच असतं, पण स्कर्व्ही टाळायला तेवढंही पुरतं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. कुणाचा धर्म आडवा आला, कुणाला गावी परतल्यावर जातवाले काय म्हणतील याची धास्ती. टाउनशेंडनी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, त्या आल्याही. तरी एप्रिल उजाडेपर्यंत फार थोड्यांनी तोंडाला लावलं. त्यांना 'अडाणी' म्हणणारे तेव्हाही होते. मला तसं म्हणवत नाही. ज्या माणसाचं सगळं जग एका गावात आहे, त्याला त्या गावात परत जेवायच्या पंगतीत बसायचं होतं.

आणि खरा दोष त्याच्या नकाराचा नव्हताच. शांततेच्या काळात हिंदी शिपायाने आपल्या जेवणाची सोय बरीचशी स्वतःच करायची पद्धत होती. भाजी, कांदा, लिंबू तो बाजारातून घ्यायचा. त्यामुळे सरकारी रेशनमध्ये आटा, डाळ, तूप, गूळ असला तरी ताजं, हिरवं असं फार थोडं धरलेलं होतं. तैग्रिसच्या काठी बाजार कुठला? उष्मांकांच्या हिशेबात तो शिपाई वेढ्याच्या आधीही 'पोटभर' जेवत होता. वेढा पडला तेव्हा त्याच्या शरीरातला क जीवनसत्त्वाचा साठा आधीच तळाला गेलेला असणार. हेहिर यांच्या माणसांनी मैदानातला पाला वेचून भाजी करायचा प्रयत्न केला. तो पुरा पडणं शक्य नव्हतं. शेवटच्या दिवसांत रोजचं पीठ माणशी चार औंसांवर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही खाली आलं. साधारण चार पोळ्यांचं.

लिंबाची बाटली आणि मोडाची उसळ

तुम्ही म्हणाल, स्कर्व्हीवर लिंबू चालतं हे तर ब्रिटिश नौदलाला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. कळलं होतं, आणि मग हरवलं होतं. जुने खलाशी प्यायचे भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांचा रस. पुढे वेस्ट इंडीजमधल्या हिरव्या लहान लिंबांचा, म्हणजे 'लाइम'चा, बाटलीबंद रस स्वस्त पडतो म्हणून सुरू झाला. दोन्हींना आंबट चव, दोन्हींना एकच नाव चिकटलेलं. पण बाटलीत साठवलेल्या लाइमच्या रसात क जीवनसत्त्व नावापुरतंच उरायचं. सैन्याच्या यादीत 'लाइम ज्यूस' होता, म्हणजे कागदावर स्कर्व्हीचा बंदोबस्त होता.

'व्हायटामिन' हा शब्द कॅसिमिर फंकने १९१२ मध्ये नुकताच वापरात आणलेला. क जीवनसत्त्व प्रत्यक्ष हाती लागायला आणि ओळखायला १९३२ उजाडणार होतं. त्यामुळे १९१६ च्या डॉक्टरांकडे औषध नव्हतं, निरीक्षण होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी, पुरुष शास्त्रज्ञ युद्धावर गेलेले असताना, गिनी पिगवर हे प्रयोग चिकाटीने केले. लाइमचा साठवलेला रस कुचकामी हे त्यांनीच दाखवलं. आणि आणखी एक गोष्ट दाखवली, जी वाचून तुमच्या आजीला हसू येईल. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसतं, पण तेच भिजवून मोड आणले की ते तयार होतं.

लष्कराच्या दृष्टीने ही सोन्यासारखी बातमी. संत्री बोटीत सडतात, पालेभाजी दोन दिवसांत काळी पडते. पण मूग, चणे, मसूर पोत्यात महिनोन्‌महिने राहतात, जागा कमी घेतात, आणि पुढच्या छावणीत फक्त पाणी आणि ओलं गोणपाट लागतं. पाइप बारीक असेल तर त्यातून काय पाठवायचं, याचं हे उत्तर होतं. कूतमधल्या शिपायांच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर शिजत होतं, पण त्यांच्या रेशनच्या कागदावर नव्हतं.

आकाशातून पीठ

सुटकेचे प्रयत्न एप्रिलपर्यंत चालले. ते करताना सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे कूतमध्ये जेवढे सैनिक अडकले होते त्याहून जास्त. त्याच वेळी खाली बसऱ्याला हजारो ताजे सैनिक बसून होते, कारण त्यांना वर न्यायला बोटी नव्हत्या. मार्च-एप्रिलात नदीला पूर आला आणि दोन्ही बाजूंचे खंदक पाण्याने भरले.

१५ एप्रिलपासून विमानांनी कूतवर पिठाची पोती टाकायला सुरुवात केली. वेढ्यातल्या माणसांना विमानातून अन्न पुरवण्याचा इतक्या प्रमाणावरचा हा जगातला पहिला प्रयत्न मानतात. त्याआधी जव दळायला जात्याच्या तळ्याही टाकल्या होत्या. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांच्या खंदकांत. दोन आठवड्यांत पडलं सगळं मिळून सुमारे आठ टन. आतल्या तोंडांनी भागलं तर माणशी अर्धा किलोही नाही. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही बोट २७० टन सामान घेऊन अंधारात नदीतून निसटायला निघाली. कूतच्या थोडं अलीकडे ती अडली आणि तुर्कांच्या हाती पडली. तिचे दोन्ही प्रमुख अधिकारी, फर्मन आणि काउली, जिवानिशी गेले. २९ एप्रिल १९१६ ला कूतने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण लिहिताना हात जड होतो. तुर्कांनी पहिल्या दिवसांत त्यांना कडक लष्करी बिस्किटं दिली. महिनोन्‌महिने उपाशी माणसांनी ती खाल्ली आणि पोटफुगी, जुलाब होऊन अनेक जण तिथेच गेले. त्यातल्या काहींना 'रिफीडिंग सिंड्रोम' झाला असावा असं मला वाटतं. खूप उपासमारीनंतर एकदम भरपूर पिष्टमय अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट आणि थायमिन झपाट्याने खाली जातं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून आजही फार काळ न जेवलेल्या रुग्णाला आम्ही 'एकदम खाऊ घालू नका' म्हणून नातेवाइकांना विनवत असतो. उरलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं. अडीच हजारांहून थोडे जास्त ब्रिटिश शिपाई होते, त्यातले सतराशेहून अधिक परत आले नाहीत. हिंदी सैनिक आणि नोकरचाकर मिळून मेले ते हजारोंनी.

चौकशी आणि दुरुस्ती

मेजर कार्टरसारख्यांच्या बोलण्याला अखेर वाचा फुटली. आधी व्हिन्सेंट आणि बिंगले यांची समिती, मग ब्रिटिश संसदेने नेमलेला मेसोपोटेमिया आयोग. त्याचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

जनरल मॉड १९१६ च्या ऑगस्टमध्ये सेनापती झाले आणि त्यांनी बगदादकडे धावण्याऐवजी काही महिने निव्वळ व्यवस्था लावली. बसऱ्याला धक्के बांधले गेले, रेल्वेचे रूळ पडले, बोटी आल्या, इस्पितळं आणि रेशन सुधारलं. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं. पण हे बदल होईपर्यंत १९१६ चा उन्हाळा गेला होता. त्या उन्हाळ्यात सर व्हिक्टर हॉर्सली, मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या प्रवर्तकांपैकी एक, साठीच्या उंबरठ्यावर असताना स्वतःहून तिथे काम करायला गेले आणि अमाऱ्याला उष्माघाताने वारले. खुद्द मॉड नोव्हेंबर १९१७ मध्ये बगदादमध्ये कॉलऱ्याने गेले. एका समारंभात कॉफीत घेतलेल्या न उकळलेल्या दुधावर तेव्हाच संशय घेतला गेला होता.

बसऱ्याहून निघालेले आजारी आणि जखमी मुंबईला यायचे. म्युझियमची इमारत, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेव्हा नुकती बांधून झालेली होती आणि लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती. पुढच्या वेळी तिथे जाल तेव्हा त्या घुमटाखाली खाटा मांडल्यात अशी कल्पना करून पाहा. ११७ व्या पलटणीला युद्धानंतर 'रॉयल' हा किताब मिळाला.

तुमच्या घरात

स्कर्व्ही आणि बेरीबेरी संपलेले नाहीत, फक्त आम्ही डॉक्टर ते शोधत नाही. एकटे राहणारे वृद्ध, रोज दारू पिणारे, गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या स्त्रिया, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले, कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन-तीनच पदार्थांवर राहणारे, यांच्यात ते दिसतात. हिरड्यांतून रक्त, मार न लागता जांभळे डाग, न भरणारी जखम, किंवा पायांना सूज, मुंग्या आणि धाप, असं काही असेल तर डॉक्टरांना रोज नेमकं काय खाता ते सांगा. 'सगळं खातो' असं सांगू नका, कालच्या ताटातले पदार्थ सांगा. आणि हिरड्यांतून रक्त म्हणजे स्कर्व्हीच असं धरून घरच्या घरी गोळ्या घेऊ नका. रक्ताचे आजार, रक्त पातळ करणारी औषधं, साधा हिरड्यांचा दाह, ही कारणं त्याहून किती तरी जास्त वेळा सापडतात.

सरांना मी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाचं वेळापत्रक लिहून दिलं. ॲसिडिटीची भीती होती म्हणून लिंबाऐवजी पेरू आणि मोड आलेले मूग, हलकी वाफ दिलेले, कारण फार शिजवलं तर क जीवनसत्त्व जातं. दोन आठवड्यांनी आले. हिरड्यांतलं रक्त थांबलं होतं, पोटऱ्यांवरचे डाग पिवळे पडत चालले होते.

"मोड आणायला जमतं का?" मी विचारलं.

"फडक्यात बांधून खिडकीत ठेवतो," ते म्हणाले. "ही अशीच करायची. पाणी किती शिंपडायचं ते मात्र शेजारच्या वहिनींना विचारावं लागलं."